चुंबकीय कलिल आणि नॅनोसंमिश्र: तयार करणे, मोजणे आणि मोजमापांचा ताळा पाहणे

नॅनोकणांच्या एखाद्या नमुन्याचे संपृक्त चुंबकन (क्षेत्र कितीही वाढवले तरी ज्यापुढे जात नाही ते चुंबकन) ६० ईएमयू (चुंबकीय आघूर्णाचे एकक) प्रति ग्रॅम आहे, असे वहीत लिहिलेले दिसले की पहिला प्रश्न विचारावा तो हा, की ग्रॅम कशाचा? शुद्ध मॅग्नेटाइटचा (लोहाच्या काळ्या चुंबकीय ऑक्साइडचा), त्यावरच्या ओलेइक आम्लाच्या थरासह असलेल्या भुकटीचा, केरोसीनसह संपूर्ण द्रवाचा, की बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) फिल्मचा? या क्षेत्रातील नवख्या प्रयोगकर्त्यांच्या चुका मी पाहतो तेव्हा त्यांतील बहुतेक महागड्या उपकरणांच्या वापरात नसतात, तर भागाकाराच्या छेदात असतात. म्हणून या मार्गदर्शिकेत मॅग्नेटाइटच्या नॅनोकणांचा चुंबकीय द्रव कसा बनवावा, त्यापासून संमिश्र (कण मिसळलेले घन बहुवारिक) कसे ओतावे आणि दोहोंची तपासणी कशी करावी हे सांगताना तो छेद कसा मिळवायचा आणि कसा पडताळायचा, यावर अधिक भर दिला आहे.

द्रव टिकतो कशामुळे

चुंबकीय द्रव म्हणजे लोहचुंबकीय पदार्थाचे काही नॅनोमीटर व्यासाचे कण वाहक द्रवात कायम तरंगत ठेवलेले कलिल. १९६३ मध्ये नासातील स्टीव्ह पॅपेल यांनी भारहीन अवस्थेत रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढून घेता यावे या हेतूने मॅग्नेटाइट ओलेइक आम्लाच्या सान्निध्यात दीर्घकाळ दळून असा द्रव मिळवला. पुढे १९८१ मध्ये रेने मासार यांनी लोहाच्या क्षारांपासून थेट पाण्यात कण घडवणारी सहअवक्षेपणाची पद्धत मांडली, आणि आज बहुतेक प्रयोगशाळा तिच्याच कुठल्यातरी रूपाने काम करतात.

कण किती लहान हवेत, हे उष्णतेची ऊर्जा आणि इतर ऊर्जा यांच्या तुलनेतून ठरते. खोलीच्या तापमानाला ही औष्णिक ऊर्जा सुमारे ४.१ × १०⁻²¹ ज्यूल असते. पात्राच्या उंचीइतका कण खाली बसण्यात जी ऊर्जा सुटते ती याहून कमी असावी, ही अट मॅग्नेटाइटचे सुमारे १५ नॅनोमीटरपर्यंतचे कण पाळतात. पण एकमेकांना चिकटलेल्या दोन कणांतील चुंबकीय आकर्षण उष्णतेने तोडता यावे, ही अट साधारण ८ नॅनोमीटरच्या आसपासच मोडू लागते. त्याशिवाय व्हॅन डर वाल्स आकर्षण (कोणत्याही दोन पृष्ठभागांत अगदी जवळून जाणवणारी ओढ) असते, आणि कण अगदी जवळ आले की ते कोणत्याही व्यासाला सोडत नाही. त्यामुळे कणांना एकमेकांना टेकूच न देणारा एखादा थर अपरिहार्य ठरतो. ओलेइक आम्लाची अठरा कार्बनांची, मध्ये बाक असलेली शृंखला सुमारे २ नॅनोमीटर जाडीचा थर देते आणि सेंद्रिय वाहकात ते काम पुरेसे करते.

कण घडवणे

येथे दिलेल्या प्रमाणातून तत्त्वतः २.३ ग्रॅम मॅग्नेटाइट मिळते. षट्जल फेरिक क्लोराइड ५.४ ग्रॅम आणि चतुर्जल फेरस क्लोराइड २.० ग्रॅम घ्यावे, म्हणजे फेरिक व फेरस आयनांचे प्रमाण दोनास एक राहते. फेरस क्षार नीट पारखून घ्यावा: तो फिकट हिरवा असावा, आणि त्यावर पिवळसर तपकिरी छटा आली असेल तर त्यातील बराच भाग आधीच फेरिक झालेला असतो व वजनकाट्यावरील अचूकतेला अर्थ उरत नाही. हवेतच काम करावे लागणार असेल तर काही जण फेरस क्षार थोडा जास्त घेतात, आणि ते योग्यच आहे. पाणी उकळून थंड केलेले व शक्यतो नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजनमुक्त केलेले असावे. सुमारे १०० मिलिलिटर पाण्यात, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकून, दोन्ही क्षार विरघळवावेत.

ढवळण्यासाठी चुंबकीय ढवळणी वापरू नये. हे वाचून हसू येईल, पण ही चूक अनेकांकडून घडते: अवक्षेप तयार होताच तो ढवळकांडीला चिकटतो, कांडी अडखळते आणि उत्पादनाचा मोठा भाग तिच्याभोवती जाड गोळ्याच्या रूपात अडकून राहतो. वरून फिरणारी, काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या पात्याची यांत्रिक ढवळणी वापरावी, आणि लोखंडी चमचे व चिमटे या कामापासून दूरच ठेवावेत.

द्रावण जोरात ढवळत असताना २५ टक्क्यांचे अमोनिया द्रावण २० मिलिलिटर एकदम ओतावे. अभिक्रियेला हिशेबाने जेवढा अमोनिया लागतो त्याच्या तिपटीहून हे अधिक आहे, परंतु अमोनिया दुर्बल अल्क असल्यामुळे आणि त्यातील काही वाफेने उडून जात असल्यामुळे हा अतिरेक आवश्यक असतो. सामू १० च्या आसपास राहिला पाहिजे. अल्क झटकन मिसळले तर एकाच वेळी असंख्य केंद्रके तयार होतात आणि कण लहान राहतात, तर थेंबाथेंबाने घातले तर आधी बनलेले कण वाढत जातात व व्यासांची व्याप्ती रुंदावते. मिश्रण क्षणात काळे झाले पाहिजे. ते तपकिरीकडे झुकले तर ऑक्सिजनने आपले काम केले आहे असे समजावे आणि तो घाणा टाकून द्यावा. हे सारे काम फ्यूम हुडमध्येच करावे, कारण अमोनियाची वाफ डोळ्यांना व श्वासाला घातक असते.

अर्ध्या तासाने १ मिलिलिटर ओलेइक आम्ल घालून मिश्रण ८० ते ९० अंश सेल्सिअसला तासभर ढवळत ठेवावे. एक मिलिलिटरच का, याचा हिशेब करून पाहणे उपयोगी आहे. १० नॅनोमीटर व्यासाच्या आणि ५.१८ घनतेच्या गोल कणांचे पृष्ठफळ ग्रॅममागे सुमारे ११६ चौरस मीटर येते. एक रेणू सुमारे ०.३ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो असे धरले तर २.३ ग्रॅम कणांवर एकेरी थर बसण्यास जवळपास ०.४ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरहून किंचित कमी आम्ल पुरते. दुप्पट घेतलेले आम्ल थर पूर्ण होण्याची खात्री देते. दहापट घेतले तर मोकळे आम्ल द्रवात शिल्लक राहते, चिकटपणा वाढवते आणि पुढच्या प्रत्येक वजनात चोरून शिरते.

मिश्रण थंड झाल्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू घालून सामू ५ ते ६ वर आणावा. अमोनियम ओलिएटचे साबणासारखे पायस मोडते आणि कण जलविरोधी होऊन गोळा होऊन खाली बसतात. हा साका कोमट पाण्याने, क्लोराइड निघून जाईपर्यंत, चार-पाच वेळा धुवावा. धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर दुधी रंग येईनासा झाला की थांबावे. मग ॲसिटोनने पाणी काढून टाकावे, मात्र एक-दोन धुण्यांच्या पुढे जाऊ नये, कारण अतिधुण्याने कणांवरचा थरही सुटू लागतो. साका पूर्ण वाळवू नये. एकदा कोरडा पडलेला साका पुन्हा पूर्णपणे विखुरला जाईल याची शाश्वती नसते, शिवाय कोरडी नॅनोभुकटी हवेत उडून श्वासात जाण्याचा धोका असतो. ॲसिटोनने ओलसर असतानाच त्यात १० मिलिलिटर केरोसीन घालावे, ज्योत न वापरता पाण्याच्या ऊष्मकावर सुमारे ६० अंशांपर्यंत तापवून ॲसिटोन उडवावे, सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या उपकरणात) थोडा वेळ ठेवावे आणि शेवटी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ सोडून वरचा द्रव तेवढा घ्यावा.

बाटलीखाली जोरदार चुंबक धरल्यावर सगळा द्रव एकसंधपणे ओढला जावा. काळा थर एका बाजूला व स्वच्छ केरोसीन दुसऱ्या बाजूला असे झाले तर ते कलिल नव्हे, गुठळ्यांचे निलंबन आहे. द्रव पुरेसा संहत असेल तर पृष्ठभागावर काटे उभे राहतात, ज्याचे गणित काउली व रोझेन्सवाइग यांनी १९६७ मध्ये मांडले. पण काटे न दिसणे हे द्रव खराब असल्याचे लक्षण नाही, तो केवळ विरल असू शकतो. अधिक भरवशाची चाचणी अशी, की उभी नळी चुंबकाजवळ चोवीस तास ठेवावी आणि नंतर वरच्या व खालच्या भागांची घनता वेगवेगळी मोजावी.

छेद मिळवणे: द्रवात मॅग्नेटाइट किती

गाळ वेगळा काढलेला असल्यामुळे सुरुवातीच्या क्षारांच्या वजनावरून संहती सांगता येत नाही. ती मोजावीच लागते, आणि एकाच मार्गाने मोजून भागत नाही.

सर्वांत सोपा मार्ग घनतेचा. द्रवाच्या घनतेतून वाहकाची घनता वजा करावी आणि त्या फरकाला मॅग्नेटाइट व वाहक यांच्या घनतांतील फरकाने भागावे, की आकारमानाचा अंश मिळतो. समजा, २.३ ग्रॅम मॅग्नेटाइट संपूर्णपणे १० मिलिलिटर केरोसीनमध्ये उतरले, तर अंश सुमारे ४.२ टक्के येईल आणि घनता ०.८० वरून ०.९९ च्या आसपास जाईल. या हिशेबात ओलेइक आम्ल धरलेले नाही. त्याची घनता ०.८९ म्हणजे केरोसीनपेक्षा थोडी जास्त असल्याने येणारे उत्तर किंचित फुगलेले असते. शिवाय १० नॅनोमीटरच्या कणाभोवती २ नॅनोमीटरचा थर धरला तर कणाने प्रत्यक्ष व्यापलेले आकारमान २.७४ पट होते, म्हणजे त्याच द्रवात ४.२ टक्के मॅग्नेटाइट असले तरी थरासह कणांचा अंश साडेअकरा टक्के असतो. श्यानतेच्या (चिकटपणाच्या) समीकरणात हा दुसरा आकडा घालावा लागतो आणि चुंबकनाच्या समीकरणात पहिला. दोहोंची अदलाबदल झालेली अनेक वह्यांत सापडते.

दुसरा मार्ग रासायनिक. मोजून घेतलेल्या द्रवातील वाहक व थर जाळून उरलेला भाग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवावा, हायड्रॉक्सिलअमाइनने सर्व लोह फेरस करावे आणि फेनँथ्रोलिनचा नारिंगी-लाल रंग ५१० नॅनोमीटरला मोजावा. मिळालेल्या लोहाच्या वस्तुमानाला १.३८ ने गुणले की मॅग्नेटाइटचे वस्तुमान मिळते. काम कंटाळवाणे आहे, तरी तिन्ही मार्गांत मी यालाच प्रमाण मानतो.

तिसरा मार्ग उष्माभारमितीचा, म्हणजे तापवत जाऊन वजनातील घट पाहण्याचा. तो लोकप्रिय आहे आणि फसवाही आहे. नायट्रोजनमध्ये तापवल्यास सुमारे ६०० अंशांच्या पुढे थरातील उरलेला कार्बन मॅग्नेटाइटमधील ऑक्सिजन खेचू लागतो आणि त्यामुळे झालेली घट अजाणतेपणी ओलेइक आम्लाच्या खात्यात जमा होते. हवेत तापवल्यास उलट मॅग्नेटाइटचे हेमटाइट होऊन वजनात ३.४५ टक्के भर पडते. ही दुरुस्ती केली तर पद्धत चांगली चालते. केली नाही तर आकडा सुबक दिसतो, एवढेच. आम्ल खरोखर पृष्ठभागाला बांधले गेले आहे का, हे अवरक्त वर्णपटात पाहावे: मोकळ्या आम्लाची १७१० प्रति सेंटिमीटर जवळची शलाका जाऊन कार्बॉक्सिलेटच्या १४०० ते १५५० दरम्यानच्या शलाका आल्या असतील तर थर बसला आहे.

आकार: एकच कण, अनेक व्यास

क्ष-किरण विवर्तनात मॅग्नेटाइटची सर्वांत ठळक रेषा तांब्याच्या किरणांसाठी ३५.५ अंशांजवळ असते. तिच्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने स्फटिकाचा आकार काढतात. १० नॅनोमीटरसाठी ही रुंदी सुमारे ०.८३ अंश येते. सूत्रात ती रेडियनमध्ये घालायची असते आणि त्याआधी उपकरणाची स्वतःची रुंदी प्रमाणित नमुन्यावरून वजा करायची असते. तांब्याच्या किरणांनी लोह स्वतः प्रतिदीप्त होऊन पार्श्वभूमी उंचावते, त्यामुळे एकवर्णक (एकाच तरंगलांबीचे किरण निवडणारे साधन) किंवा कोबाल्टची नळी उपलब्ध असेल तर ती वापरावी. मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट (त्याचे ऑक्सिडीभवन झालेले रूप) यांच्या जालकांकांत (स्फटिकाच्या मूळ घटकाच्या बाजूच्या लांबीत) ८.३९६ व ८.३५ अँगस्ट्रॉम इतकाच फरक असल्याने, रुंदावलेल्या रेषांवरून नमुना शुद्ध मॅग्नेटाइट आहे असे छातीठोकपणे सांगू नये.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी द्रव खूप विरल करून जाळीवर थेंब ठेवावा आणि किमान दोनशे-तीनशे कण मोजून लॉग-नॉर्मल वितरण (व्यासांच्या लॉगॅरिदमचा घंटाकृती आलेख) बसवावे. जाळीवर दिसणाऱ्या गुठळ्या बहुधा थेंब वाळताना झालेल्या असतात, द्रवात त्या असतीलच असे नाही. ते तपासायचे तर प्रकाशविकिरणाने जलगतिक व्यास (द्रवात हलणाऱ्या कणाचा थरासह व्यास) मोजावा. मात्र विकिरणाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढते, म्हणून दुप्पट व्यासाचा एक कण चौसष्ट लहान कणांइतका आवाज करतो. द्रव काळा असल्याने लेझरचा प्रकाश शोषून तापतो, हेही लक्षात ठेवावे. तीन वेगवेगळ्या विरलतांवर मोजून व्यास स्थिर राहिला तरच तो स्वीकारावा.

हे सगळे व्यास एक आले तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी. जलगतिक व्यास थरामुळे मोठा, चुंबकीय व्यास पृष्ठभागावरील अव्यवस्थित भागामुळे लहान, आणि सूक्ष्मदर्शकाचा व्यास त्या दोहोंच्या मध्ये, असा क्रम अपेक्षित असतो.

चुंबकन मोजणे

कंपन-नमुना चुंबकमापकात द्रव काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता, पेला घट्ट बंद करावा. अर्धवट भरलेला द्रव क्षेत्रात सरकतो आणि आलेखात खोटे वळण दिसते. रिकामा पेला व तेवढाच वाहक वेगळा मोजून त्यांचा प्रतिचुंबकीय (क्षेत्राच्या उलट दिशेचा) भाग वजा करावा. संहत द्रवासाठी नमुन्याच्या आकारामुळे येणाऱ्या विचुंबकन क्षेत्राची (नमुन्याच्या आतील विरोधी क्षेत्राची) दुरुस्ती न करता आरंभीची ग्रहणशीलता (कमी क्षेत्रात चुंबकन किती झपाट्याने वाढते ते) सांगू नये.

१० नॅनोमीटरच्या एका कणाचे चुंबकीय आघूर्ण सुमारे २५,००० बोर मॅग्नेटॉन (साधारण एका इलेक्ट्रॉनच्या आघूर्णाइतके एकक) असते. ०.१ टेस्ला क्षेत्रात त्याची चुंबकीय ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या साडेपाच पट होते आणि लांजेव्हँ फलनानुसार (क्षेत्र व उष्णता यांच्या चढाओढीत आघूर्णे किती वळतात ते सांगणाऱ्या सूत्रानुसार) चुंबकन संपृक्ततेच्या ८२ टक्क्यांवर पोहोचते. लहान कण मात्र मागे राहतात. म्हणूनच आलेखाची दोन टोके दोन वेगळ्या गोष्टी सांगतात: आरंभीचा चढ मोठ्या कणांचा असतो आणि संपृक्ततेकडे जाणारी संथ चाल लहान कणांची. दोन्ही टोकांतून व्यास वेगवेगळे काढले तर त्यांतील तफावतीवरून वितरणाची रुंदी कळते. संपृक्त मूल्य शेवटच्या बिंदूवरून न वाचता, चुंबकन हे क्षेत्राच्या व्यस्ताविरुद्ध आलेखून शून्यापर्यंत वाढवलेल्या रेषेवरून काढावे.

आता ताळा पाहायचा. ठोस मॅग्नेटाइटचे मूल्य खोलीच्या तापमानाला ९२ ईएमयू प्रति ग्रॅम आहे. कणाच्या पृष्ठभागावर ०.७ नॅनोमीटर जाडीचा चुंबकनास हातभार न लावणारा थर धरला तर १० नॅनोमीटरच्या कणात ६४ टक्के आकारमान उरते आणि अपेक्षित मूल्य ५९ च्या जवळ येते. लोहाच्या रासायनिक मापनातून आलेल्या वस्तुमानाने भागून उत्तर या परिसरात आले तर सर्व साखळी सुसंगत आहे. ३५ आले तर आधी छेद तपासावा, मग मॅगहेमाइट व अस्फटिकी भागाचा विचार करावा. ९५ आले तर विचार करण्यासारखे काही नाही. वजन चुकले आहे.

संमिश्र ओतणे

ओलेइक आम्लाचा थर असलेले कण पॉलिस्टायरीनमध्ये बसवणे तुलनेने सुलभ असते, कारण टोल्युइनमध्ये दोन्ही चालतात. यासाठी साका केरोसीनऐवजी टोल्युइनमध्येच विखुरावा. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखे पाण्यात विरघळणारे बहुवारिक हवे असेल तर हे कण चालणार नाहीत. त्यासाठी सिट्रेटचा थर असलेला पाण्यातील द्रव वेगळा बनवावा. वजनाने ५ टक्के मॅग्नेटाइट म्हणजे पॉलिस्टायरीनमध्ये आकारमानाने जेमतेम १ टक्का, हा फरक नोंदीत स्पष्ट लिहावा.

फिल्म पातळ ओतावी आणि काच पाणसळीने सपाट केलेली असावी. विद्रावक फार सावकाश उडाला तर कणांना एकत्र येण्यास वेळ मिळतो, फार झपाट्याने उडाला तर फिल्मला फोड व भेगा येतात. भांड्यावर किंचित फट ठेवून झाकण ठेवणे हा मधला मार्ग आहे. प्रत्येक संमिश्राबरोबर एक कोरी फिल्म ओतावी, आणि तिच्यात कणांसोबत गेले असते तेवढे ओलेइक आम्ल घालावे. ओलेइक आम्ल बहुवारिकाला मऊ करते व काचसंक्रमणाचे तापमान (ज्याला ते कडकपणा सोडून मऊ होते) खाली आणते. ही कोरी फिल्म नसेल तर तो परिणाम नॅनोकणांच्या नावावर खपवला जातो. तिसरी फिल्म चुंबकीय क्षेत्रात वाळवावी. तिच्यातील कण साखळ्यांत जुळले असतील तर क्षेत्राला समांतर व लंब दिशांनी मोजलेले आलेख वेगळे येतील, मात्र सपाट फिल्मच्या आकारामुळेही असा फरक येत असल्याने क्षेत्राविना वाळवलेल्या फिल्मशीच तुलना करावी.

घट्ट फिल्म ही द्रवाच्या अभ्यासातही नियंत्रण म्हणून कामी येते. द्रवातील कणाचे आघूर्ण दोन रीतींनी वळते: कण स्वतः फिरून, ज्याला ब्राउन यांचे नाव आहे, किंवा कण जागीच राहून आतले चुंबकन उलटून, ज्याला नेएल यांचे नाव आहे. थरासह १४ नॅनोमीटर व्यासाच्या कणाला पाण्यात फिरण्यास सुमारे १ मायक्रोसेकंद लागतो, तर आतील १० नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटचे चुंबकन काही नॅनोसेकंदांत उलटते, म्हणून इतक्या लहान कणांच्या प्रत्यावर्ती (दिशा बदलत्या क्षेत्रात मोजलेल्या) ग्रहणशीलतेत किलोहर्ट्झच्या पट्ट्यात उंचवटा दिसायलाच नको. तो दिसला तर द्रवात गुठळ्या किंवा १५ ते २० नॅनोमीटरच्या पुढचे कण आहेत असा संशय घ्यावा. हेच कण फिल्ममध्ये बंदिस्त केल्यावर तो उंचवटा नाहीसा झाला तर तो फिरण्याचाच होता हे सिद्ध होते; तसाच राहिला तर कणांच्या परस्परक्रियांकडे किंवा मोजणीच्या मंडलाकडे वळावे.

प्रत्येक घाण्यातील थोडा द्रव व फिल्मचा एक तुकडा घट्ट बंद करून अंधारात ठेवावा, आणि त्यांवर घाण्याची तारीख, लोहाचे मापन कोणत्या दिवशी केले व चुंबकन कशाच्या ग्रॅमने भागले आहे, हे लिहून ठेवावे. तीन महिन्यांनी तोच नमुना पुन्हा मोजावा, कारण मॅग्नेटाइट हळूहळू मॅगहेमाइटकडे सरकत राहते. भांडी धुताना काळे डाग साबणाने निघत नाहीत. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात काही वेळ भिजवली की ते विरघळून पिवळे द्रावण होते आणि काच स्वच्छ निघते.